कावसजीचे नाक आणि आपले वाचन

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'जंटलमन्स मॅगझिन' हे नाव डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या उमेदवारीच्या दिवसांमुळे ठाऊक असते. १७३१ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या मासिकात कविता, संसदेतील वादांचे वृत्तांत, मृत्युवार्ता अशी सगळी सरमिसळ असे. त्याच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात खाली 'बी. एल.' एवढीच आद्याक्षरे असलेले एक पत्र छापून आले आणि सोबत एका मराठी माणसाच्या चेहऱ्याचे कोरीव चित्र. पुण्याजवळ एका वीटकऱ्याने या माणसाला नवे नाक बसवून दिले, असे ते पत्र सांगते. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण या पत्रापाशी थांबतात. आपण पुणेकर तर तेथे मुक्कामच ठोकतो. या मुक्कामाविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

पत्रातील हकिगत अशी. कावसजी नावाचा, शेतकरी जातीचा एक मराठा १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे श्रीरंगपट्टणजवळ तो मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला व कंपनीचा पेन्शनर झाला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळ त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. (मराठा म्हटलेल्या माणसाचे नाव पारशी वळणाचे कसे, हा प्रश्न वाचकाला पडावा. मूळ नाव कावजी किंवा तत्सम काही असेल आणि इंग्रज कानाने त्याचे कावसजी केले असेल, असा आमचा तर्क. तो तर्कच समजावा.)

कृतीचे वर्णन मात्र असे आहे की त्यापुढे भल्याभल्या गद्यलेखकाने मान तुकवावी. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पापुद्रा बसवून नाकाचा आकार घडवायचा. तोच पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा व त्याच्या कडेने रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची. फक्त दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, कारण रक्त तिच्यातूनच वाहणार. मग खुंटाची जुनी कातडी छिलून तेथे चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा व अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची.

यानंतर पत्रलेखक म्हणतो की ही शस्त्रक्रिया नेहमीच यशस्वी होते.

आमचे सारे म्हणणे या 'नेहमीच'भोवती आहे. बिननाकाच्या माणसाला नाक देता येते हे सिद्ध करायला एक कावसजी पुरेसा आहे. कापलेले नाक आपोआप उगवत नाही. त्यामुळे येथे शेकडो रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची गरज नव्हती. पण 'नेहमीच' म्हणायचे तर मोजणी हवी. किती जणांवर केली, किती जणांची कातडी काळी पडून गळाली, किती जण तापाने गेले? ज्यांचे नाक बसले नाही त्यांचे चित्र कोणी काढले नाही. कावसजीचे चित्र जेम्स वेल्सने काढले. हा तोच स्कॉटिश चित्रकार, ज्याने पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना रंगवले. चित्र जानेवारी १७९४ चे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांचे, असे पत्रच सांगते. तेव्हा पुरावा आहे तो एका माणसाचा आणि दहा महिन्यांचा.

गंमत अशी की पत्राच्या या दाव्याविरुद्ध सर्वांत बोलका साक्षीदार त्याच पत्रात बसलेला आहे. तो म्हणजे पंचवीस हा आकडा. नवी कातडी खालच्या मांसाशी रक्ताचे नाते जोडायला वेळ घेते. त्याआधी जोडपट्टी कापली तर ती मरते. आजही कपाळाच्या कातडीने नाक करणारे शल्यविशारद ही पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. मग त्या वीटकऱ्यांना हा मुक्काम कसा सापडला? कोणीतरी कधीतरी घाई केली असणार आणि कोणाचे तरी नाक काळे पडलेले पाहिले असणार. त्या आकड्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांची फसलेली नाके उभी आहेत असे आम्हांस वाटते. 'नेहमीच' हा शब्द त्यांना पुसून टाकतो आणि त्यांच्याबरोबर त्या कारागिरांची खरी विद्याही पुसतो.

लंडनमधील शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू याने हे पत्र आपल्यापेक्षा बरे वाचले. त्याने चौकश्या केल्या. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून अनेक वर्षे राहिलेल्या सर चार्ल्स मॅलेटला त्याने पत्र घातले. मॅलेटने दुजोरा दिला की ही क्रिया तेथे फार जुनी आहे आणि कुंभार किंवा वीटकरी ती करतात. मात्र ती दरवेळी नव्हे, बहुधा साधते. 'नेहमीच'चे 'बहुधा' झाले, आणि एवढ्याने कार्प्यूचा उत्साह ओसरला नाही. त्याने आधी प्रेतांवर हात बसवला, योग्य रुग्णाची वाट पाहिली आणि पत्र छापून आल्यावर वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, भुलीच्या औषधाविना पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण होता पाऱ्याच्या औषधाने नाक गमावलेला एक लष्करी अधिकारी. दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाक लढाईत तलवारीने गेलेले. या दोघांचीच हकिगत त्याने १८१६ साली पुस्तकरूपाने छापली आणि 'दोन' हा आकडा पुस्तकाच्या शीर्षकातच घातला. हा प्रांजळपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता आपले वाचन पाहा. पुण्यातील व्याख्यानांत ही कथा हमखास अशी सांगितली जाते: थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत कावसजीवर शस्त्रक्रिया झाली. मासिकात दुसरे नाव ट्रिंडले असे छापले आहे, ते सोडा. पत्र फक्त एवढेच म्हणते की या दोघांनी ही क्रिया अशी होताना पाहिली आहे. ती कावसजीवरची की आणखी कोणावरची, हे वाक्य उघडेच ठेवते. तसेच स्थळाचे. पत्रात 'पुण्याजवळ' एवढेच आहे. पण कसब्यातील कुंभारवेशीपाशी उभे राहून 'ते इथेच!' म्हणण्याचा मोह कितीजणांना आवरतो? कुंभाराच्या हाताला माती वळवायची सवय, म्हणून नाकही वळवता आले, असे एक वाक्य आम्हीही पूर्वी एका लेखात लिहून गेलो आहोत. वाक्य बरे होते. त्याला आधार काहीच नव्हता.

सर्वांत मोठी उडी सुश्रुताची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान जोडण्याच्या विधीसोबत नाक जोडण्याचाही विधी आहे. तेथे झाडाचे पान नाकाच्या मापाचे घेतात व त्या मापाने कातडी सोडवतात. पण ती गालाची, कपाळाची नव्हे. पानाच्या जागी मेण आणि नाकपुड्यांतील नळ्यांच्या जागी कापडाचे बोळे, हे साम्य नजरेत भरणारे आहे, आणि दोहोंत काही नाते असू शकेल हे आम्ही नाकारत नाही. परंतु गालावरून कपाळावर जाणे हा शस्त्रक्रियेतील किरकोळ पाठभेद नव्हे. कोणीतरी लावलेला तो नवा शोध आहे. नेपाळातील, ८७८ सालच्या हस्तलिखिताच्या आधारे या अध्यायाचे चिकित्सक संपादन व भाषांतर २०२३ साली डॉमिनिक वुजास्तिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आपल्या विभागांनी ते वर्गात न्यावे. सगळे श्रेय ग्रंथाला देऊन टाकले की त्या वीटकऱ्याने आणि त्याच्या पूर्वजांनी केलेल्या भरीचे काय होते? ग्रंथ न वाचणाऱ्या हातांची कमाई आपण दुसऱ्यांदा काढून घेतो.

दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा ती पत्रानेच काढून घेतली. रुग्णाचे नाव त्यात आहे, दोन डॉक्टरांची आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची फक्त जात आहे. पुढे १८८९ साली जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी नाकाच्या शस्त्रक्रियांवर स्वतःच्या नावाने पुस्तक छापले. त्यात शंभराहून अधिक रुग्ण होते. तेव्हा कुठे या विद्येला आपल्या बाजूने करणाऱ्याचे नाव आणि मोजता येणारी संख्या एकत्र मिळाली.

कावसजी जानेवारी १७९४ मध्ये वेल्ससमोर बसला, तेवढाच आपल्याला दिसतो. कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, असे पत्रलेखक लिहितो. पण ते लिहिताना त्याच्यासमोर दहाच महिन्यांचा व्रण होता; मग 'कालांतर' त्याने कोणाच्या कपाळावर पाहिले, हे त्याला विचारावेसे वाटते.