परदेशातलं पिल्लू आणि एक साधा ओरखडा

पावसाळा ओसरायला लागला की सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली बरीच मुलं-मुली एमबीबीएससाठी परदेशी निघतात. कुणी फिलिपिन्समध्ये मनिला नाहीतर दावाओला, कुणी जॉर्जियात तिबिलिसीला, कुणी किर्गिझस्तानात बिश्केकला. जाण्याआधी फिटनेस सर्टिफिकेटसाठी ती आईवडिलांना घेऊन आमच्याकडे येतात. बॅगेत काय न्यायचं याची यादी आईला तोंडपाठ असते. शेंगा चटणी, कडक भाकरी, छोटा कुकर, तापाच्या नि पित्ताच्या गोळ्या. तिथल्या डासांबद्दल विचारतात, पाण्याबद्दल विचारतात. रेबीजच्या लशीबद्दल मात्र आजवर एकाही पालकाने मला आपणहून विचारलेलं नाही. मीच विषय काढला तर वडील हसतात. "परदेशात कुठली आलीत भटकी कुत्री, डॉक्टर?"

असतात. परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडन-न्यूयॉर्क येतं. आपली मुलं जातात त्यांतल्या अनेक देशांत रस्त्यावर कुत्री आहेत आणि रेबीजही आहे. फिलिपिन्समध्ये दरवर्षी शेकडो माणसं रेबीजने मरतात. इंडोनेशियातलं बाली बेट २००८पर्यंत रेबीजमुक्त होतं. त्या वर्षाच्या अखेरीस रोग तिथे शिरला आणि नंतर बेटभर पसरला. तिबिलिसीत रस्त्यावरच्या कित्येक कुत्र्यांच्या कानात रंगीत बिल्ला दिसतो. त्याचा अर्थ या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण केलेलं आहे असा. बिल्ला पाहून धीर येतो हे खरं, पण लस कधीतरी दिली होती एवढंच तो सांगतो. ती यंदा दिली आहे का, हे बिल्ल्यावरून कळत नाही.

आणि या मुलांची कुत्र्यांशी मैत्री होतेच. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेलं असतं. भाषा येत नाही, जेवण जमत नाही, वर्गातले गट अजून पडायचे असतात. हॉस्टेलच्या दारात बसलेलं कुत्रं तेवढं शेपटी हलवतं. बिस्किटाचा पुडा फुटतो, नाव ठेवलं जातं, आणि पंधरा दिवसांत ते कुत्रं सगळ्या मजल्याचं होतं. यात वेडेपणा काही नाही. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हे जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं. आई आणि तान्ह्या बाळात जिव्हाळा जुळवणारं हेच ते संप्रेरक. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसरमध्ये डॉ. अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांना खाण्यापेक्षा अंगावरून फिरणारा हात जास्त उपयोगी पडतो, असं त्यांना आढळलं. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात पाच पिल्लांमागे जेमतेम एक पिल्लू मोठं होईपर्यंत जगलं होतं. तेव्हा गटारीच्या कडेला कुंई-कुंई करणारं पिल्लू उचलणाऱ्या मुलीला कुणी मूर्ख म्हणू नये.

अशाच एका मुलीची हकिगत मी परदेशी निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ती नॉर्वेची होती, वय २४, स्वतः रुग्णालयात काम करणारी. फेब्रुवारी २०१९मध्ये मैत्रिणींसोबत फिलिपिन्सला सुट्टीसाठी गेली असताना त्यांना रस्त्याकडेला एक पिल्लू सापडलं. त्यांनी ते उचलून मुक्कामी नेलं, धुतलं, खाऊ घातलं, त्याच्याशी खेळल्या. खेळताना पिल्लाने हाताला बारीक दात लावले. तिने जखमा स्वच्छ केल्या. टाके पडावेत असं काहीच नव्हतं, म्हणून ती डॉक्टरकडे गेली नाही. घरी परतल्यावर काही आठवड्यांनी ती आजारी पडली. सुरुवातीला कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण नॉर्वेच्या मुख्य भूमीवर दोनशे वर्षांत कुणी रेबीजने गेलं नव्हतं. मे महिन्यात ती वारली, आणि तेही ती जिथे काम करायची त्याच रुग्णालयात. २०२५मध्ये ब्रिटनमधल्या एका महिलेच्या बाबतीत जवळपास हेच घडलं. फेब्रुवारीत मोरोक्कोला गेली असताना एका भटक्या पिल्लाने किरकोळ ओरखडलं आणि जूनमध्ये मृत्यू.

दोन्हीकडे पिल्लूच होतं, हे लक्षात घ्या. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की तोंडाला फेस आलेला, डोळे लाल झालेला, अंगावर धावून येणारा कुत्रा आपल्याला आठवतो. त्याच्यापासून माणूस पळतो, आणि तो चावला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठतो. पिल्लाला आपण छातीशी धरतो. त्याचे दात सुईसारखे असतात, त्याला लस दिलेली नसते, आणि ते मरगळलेलं असलं तर आपली माया आणखी वाढते. रेबीज झालेला प्राणी प्रत्येक वेळी आक्रमक होतोच असं नाही. काही नुसतेच सुस्त पडतात, जबडा लुळा पडतो, लाळ गळते. 'घशात हाड अडकलं असेल' म्हणून तोंडात बोट घालणारे भले लोक मी पाहिले आहेत.

जखमेतून शिरलेला विषाणू रक्तातून फारसा फिरत नाही. तो मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. म्हणून लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित आठवडा, क्वचित वर्षही. उपचाराची संधी या मधल्या काळातच असते. एकदा मेंदूत पोचला की आमच्या हातात काहीही उरत नाही. शासकीय रुग्णालयात नोकरी काढलेल्या डॉक्टरला हा रोग पुस्तकात वाचावा लागत नाही. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, तहान लागलेली असते, आणि पाण्याचा पेला पुढे केला की घशाचे स्नायू आवळतात. नातेवाईक आठवून आठवून सांगतात, 'हां, दिवाळीच्या आधी एक कुत्रं जरासं लागलं होतं.' जरासं हाच शब्द बहुतेक वेळा असतो.

सर्वसाधारण सल्ला असा की परदेशात कुत्र्यांना हात लावू नका. पुस्तकात तो बरोबर आहे. मला तो पुरेसा वाटत नाही, आणि कधीकधी तो उलटतो असंही वाटतं. हात लावणारी मुलं हात लावणारच. त्यात आई व्हिडिओ कॉलवर बजावत असते, 'ते कुत्रं खोलीत घेऊ नकोस, सांगून ठेवते.' मग ज्या दिवशी ओरखडा निघतो त्या दिवशी मुलगा घरी काय सांगणार? काहीच नाही. सॅनिटायझर लावतो, वर पट्टी चिकटवतो आणि फुल बाह्यांचा शर्ट घालून कॉलवर बसतो. मला भीती कुत्र्यापेक्षा या लपवण्याची जास्त आहे. म्हणून पालकांना माझं म्हणणं असं की मनाई करण्यात शक्ती घालवू नका. निघण्याआधी लस द्या, आणि कुत्रं लागलं तर रागावणार नाही एवढं मुलाला तोंडाने सांगा.

कुत्रं चावण्याआधी घ्यायची ही लस आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. चावल्यानंतर जी देतात तीच ही, फक्त आधी घ्यायची. भारतात साधारणपणे पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी असे तीन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८पासून आठवड्याच्या अंतराने दोन डोसही पुरेसे मानले आहेत. विमानाच्या तारखेच्या महिनाभर आधी सुरुवात केली की सगळं आरामात बसतं. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते ती चावल्यानंतरची लस. आधीची बहुधा खासगीत घ्यावी लागते, एका डोसला काही शे रुपये. परदेशी शिक्षणासाठी लाखांनी पैसे भरणाऱ्या घराला हा खर्च जड नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं अजून लोकांच्या मनातून गेलेली नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि तिचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. आताची दंडावर घेतात.

लस आधी घेतली म्हणजे कुत्रं चावलं तरी चालतं, असं मात्र नाही. चावल्यावर जावं लागतंच. फरक असा की लस न घेतलेल्या माणसाला रक्त निघालेल्या जखमेसाठी चार-पाच डोस आणि शिवाय जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं. लशीमुळे शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, तेवढ्या काळात विषाणूला अडवायला हे तयार प्रतिपिंडांचं औषध असतं. ते महाग आहे, आणि अनेक देशांत लहान गावात किंवा बेटावर मिळतच नाही. आधी लस घेतलेल्याला इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडत नाही. त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक, अशा दोन डोसांत काम होतं. अनोळखी देशात रात्री अकरा वाजता मोडक्यातोडक्या इंग्रजीत दवाखाना शोधणाऱ्या मुलासाठी हा फरक मोठा आहे.

परक्या मुलखातल्या कुत्र्यांची माया शहाणपणाने कशी करावी, याचा चांगला नमुना आपल्या शेजारीच आहे. ल्यूक गॅम्बल या ब्रिटिश पशुवैद्याने २०१३ साली 'मिशन रेबीज' सुरू केलं आणि पुढच्या वर्षी गोव्यात काम उभं केलं. स्थानिक कर्मचाऱ्यांबरोबर देशोदेशींचे पशुवैद्य आणि स्वयंसेवक येतात. फुलपाखरं धरायच्या जाळ्यासारखं मोठं जाळं घेऊन गल्लोगल्ली फिरतात, कुत्रं धरतात, टोचतात, डोक्यावर रंगाची खूण करतात आणि सोडून देतात. मोबाइलवर कुठलं कुत्रं कुठे टोचलं याची नोंद होते. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्री, म्हणजे राज्यातल्या कुत्र्यांपैकी जवळपास ७० टक्के. एवढं प्रमाण टिकवलं की कुत्र्यांमधली साखळी तुटते. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. गोवा सरकारने पैसा आणि यंत्रणा दिली म्हणूनच हे जमलं. इथे एवढंच नोंदवतो की जाळं हातात घेण्याआधी प्रत्येक स्वयंसेवकाला स्वतः रेबीजची लस घेतलेली असावी लागते. कुत्र्यांवर त्यांचं प्रेम कमी आहे असं कुणी म्हणणार नाही.

आपल्या मुलांनाही असं काही करता येईल. हॉस्टेलमागच्या पाच-सहा कुत्र्यांना रोज पोळी-चिकन घालण्याचा खर्च दहाजण मिळून करतातच, त्याच वर्गणीतून वर्षातून एकदा त्यांना लस टोचून घेता येते. तिथल्या पालिकेची किंवा एखाद्या संस्थेची नसबंदी मोहीम असेल तर फोन करून बोलावता येतं. खायला घालायचं ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, शाळेच्या नि मेसच्या दारापासून दूर. जेवणाऱ्या कुत्र्याला आणि पिल्लांच्या आईला मात्र हात लावायचा नाही. आणि पिल्लू खोलीत आणण्याआधी पशुवैद्याकडे नेऊन आणायचं, मग लाड.

काही मुलं शिक्षण संपल्यावर कुत्रं भारतात न्यायचं म्हणतात. भावना समजते, पण कागदपत्रं आणि तपासण्या किचकट आहेत, आणि त्यांना कारण आहे. जून २०२१मध्ये अझरबैजानहून एका तुकडीत ३३ सुटका केलेली कुत्री अमेरिकेत नेली गेली. त्यांतलं एक रेबीजग्रस्त निघालं. अमेरिकेने कुत्र्यांमधला रेबीज २००७मध्ये संपवल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारने रेबीजचा धोका असलेल्या शंभरहून अधिक देशांतून कुत्री आणण्यावर बंदी घातली. भारत त्या यादीत होताच.

आता प्रत्यक्ष ओरखडा निघाला तर. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार वाटतात, पण विषाणूचं बाहेरचं आवरण साबणाने मोडतं, म्हणून धुणं ही औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. हळद, चुना, तिखट यांतलं काही नाही. सोलापुरात मी मिरचीपूड भरलेल्या जखमा अजूनही धुतो. रक्त आलेलं नसलं, नुसतं खरचटलं असलं तरी लस लागते. कातडी फुटलेल्या जागी किंवा डोळ्या-तोंडाला कुत्र्याची लाळ लागली तर तो चाव्याइतकाच गंभीर प्रकार धरायचा. कुत्रं दहा दिवस नजरेसमोर धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील, पण दहा दिवस वाट बघून मग सुरुवात करायची नाही. चार दिवस उलटून गेले असतील, महिना झाला असेल, तरी जायचं. उशीर झाला म्हणून लस नाकारायची नसते.

जिथे जाल तिथल्या डॉक्टरने रेबीज पाहिलेला असेलच असं धरून चालू नका. कुत्र्याचा विषय तुम्हीच काढा, देशाचं नाव सांगा, तारीख सांगा. सोलापुरात घेतलेल्या डोसांचं कार्ड कपाटात राहतं आणि मुलगा दावाओत असतो, असं फार होतं. त्या कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये हवा आणि एक आईच्याही. लशीचं नाव आणि तिन्ही तारखा इंग्रजीत लिहून घ्या, कारण दोन डोस द्यायचे की पाच आणि वर इम्युनोग्लोब्युलिन, हे तिथला डॉक्टर त्यावरून ठरवणार आहे.