वाफ कुणाची, हायड्रोजन कुणाचा?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यांपैकी १७,४९० कोटी हायड्रोजनचे उत्पादक व यंत्रांचे कारखानदार यांना प्रोत्साहन म्हणून द्यावयाचे; संशोधनाच्या पदरात अवघे ४०० कोटी. राज्य सरकारनेही त्याच वर्षी वीजवहन आकार व वीजशुल्कातील सवलतींची खैरात जाहीर केली. ही विज्ञाननिष्ठा नव्हे, हा भांडवलदारांचा अनुनय आहे!

प्रश्न तांत्रिक म्हणून जनतेने तो तज्ज्ञांवर सोडावा, असे कुणी म्हणेल. पण यातील तंत्र समजण्यास कठीण नाही. प्रचलित पद्धतीत एका पातळ पडद्याच्या दोहो बाजूंस विद्युतअग्रे लावून ६० ते ८० अंश तापमानास पाण्याचे विघटन करतात. एक किलो हायड्रोजनला पन्नासाहून अधिक युनिट वीज लागते. शिवाय धनाग्राला इरिडियम हवे. ते साऱ्या जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते, तेही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत. पाण्याऐवजी शंभर अंशांवरील वाफ वापरली, तर बाष्पीभवनाचा भार विजेवर न पडता उष्णतेवर पडतो आणि तत्त्वतः सुमारे १५ टक्के वीज वाचते. अडचण एवढीच की, त्या तापमानास नेहमीचा पडदा सुकतो व निकामी होतो. फॉस्फरिक आम्लयुक्त पडदा उष्णता सोसतो, पण त्यातील आम्ल हळूहळू निघून जाते.

ही गाठ संशोधनानेच सुटेल, आणि आपल्याकडे त्याची पात्रता आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने उच्च तापमानाचा पाच किलोवॉटचा इंधन-विद्युतघट २०१९ सालीच सिद्ध झाला. त्यातील क्रिया नेमकी उलट, पण पडद्याचे शास्त्र तेच.

आता यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. वणीचा कोळसा वर्षानुवर्षे बाहेरच्या भट्ट्या पेटवीत आला. येथला शेतकरी मात्र रात्री-अपरात्री ओलितासाठी शिवारात जातो. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी बांधावर जळते. कोरडवाहू कापसाला लागणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून येतो. पऱ्हाटीच्या उष्णतेने वाफ, वाफेपासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून खत, अशी साखळी शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीची का असू नये?

छोटे प्रकल्प महाग पडतात, हा आक्षेप आज खरा आहे. पण महाग वस्तू स्वस्त करण्यासाठीच तर सरकार हजारो कोटी ओतते आहे! ते निर्यातदाराच्या प्रकल्पासाठी ओतता येतात, तर कापूस उत्पादकाच्या खतासाठी का नाही?

आमची मागणी स्पष्ट आहे. संशोधनाची तरतूद अनेक पटींनी वाढवा. सार्वजनिक पैशांतून निघालेली एकस्वे सार्वजनिक ठेवा. उच्च तापमानाचा एक प्रायोगिक प्रकल्प यवतमाळात उभारा. आणि त्याला लागणारे पाणी ग्रामसभेच्या संमतीवाचून उचलू नका. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहर पाण्यासाठी तडफडले होते, याची आठवण राज्यकर्त्यांनी ठेवावी. ऊर्जा नवी आणि मालक मात्र जुनेच, असे परिवर्तन विदर्भाला नको आहे.