जुनी पिकअप भंगारात काढायची, की तिचं ॲव्हरेज सुधारायचं?

यवतमाळ जिल्ह्याचा माल आजही रस्त्यावरूनच चालतो. मूर्तिजापूरची शकुंतला बंद पडून वर्षं लोटली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर २०२४ साली कळंबपर्यंत रेल्वे आली खरी, पण कापूस शेतातून जिनिंगला न्यायचा असो की मंडीतली फळं गावोगावच्या बाजाराला, काम पडतं ते पिकअपशीच. आणि यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षं जुन्या आहेत. त्या चालवणारे, दुरुस्त करणारे, त्यांच्यावर माल लादणारे यांत आपल्या समाजातली अनेक घरं आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या चुलीशी जोडलेला आहे.

सरकारचं धोरण स्पष्ट आहे: जुनी गाडी काढा, नवी घ्या. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर लागतो आणि फिटनेस दरवर्षी करावं लागतं. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी २०२२ पासून खूप वाढली. गाडी रीतसर भंगारात दिली तर नव्या व्यावसायिक गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कागदावर सगळं ठीक आहे. पण नवी पिकअप लाखांत जाते, ती रोख घेणारे किती? बाकीच्यांना फायनान्स घ्यावा लागतो, म्हणजे व्याज. जो व्याजापासून लांब राहू पाहतो त्याच्यापुढे जुनीच गाडी उरते.

त्यात डिझेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. डिझेल जीएसटीबाहेर असल्यामुळे त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही लागतात. भाव आपल्या हातात नाही. किती लिटर जळतं, ते मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

हिशेब मांडून पाहू. बारा किलोमीटर देणारी गाडी नऊवर आली, रोज १०० किलोमीटर धावली आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर दिवसाला पावणेतीन लिटरहून थोडं जास्त डिझेल, म्हणजे २५० रुपये जादा जातात. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे ६,२५०. वर्षाचे ७५,०००. एवढ्यात लेकराची फी भरून होते. ही गळती एकदम होत नाही, हळूहळू वाढते, म्हणून डोळ्यांत भरत नाही.

गळतीची ठिकाणं कुठलाही अनुभवी मिस्त्री सांगेल. नोझल खराब झालं की डिझेलची बारीक फवार होण्याऐवजी थेंब पडतात, पूर्ण जळत नाहीत आणि सायलेन्सर काळा धूर टाकतो. एअर फिल्टर धुळीने भरला तरी तेच. कापसाच्या हंगामात आपल्या कच्च्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो. टायरमध्ये हवा कमी असली, ब्रेक धरून राहिले, क्लच घसरत असला, तर इंजिनाची ताकद वाया जाते. कापूस वजनाला हलका, पण टपाच्या वर रचला की वारा अडतो. जिनिंगच्या रांगेत इंजिन तासभर चालू ठेवलं तर अर्धा लिटर तरी उभ्या उभ्या जातं.

वेगाचंही तसंच. इंधन बचतीसाठी काम करणारी सरकारी संस्था पीसीआरए ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देते. नागपूर-तुळजापूर महामार्ग रुंद झाला, म्हणून रिकामी गाडी ऐंशीने पळवली, की वाचलेल्या वेळेपेक्षा डिझेल महाग पडतं.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. पुसदकडच्या उतारांवर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे, काही तर इंजिनच बंद करणारे भाऊ आहेत. यात बचत नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल जवळपास तोडतोच. उलट इंजिन बंद झालं की ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग जड होतात. चार रुपयांसाठी जीव धोक्यात घालणं, मागे बसलेल्या हमालांचाही, हे कोणत्या हिशेबात बसतं?

जुन्या गाडीचं आयुष्य कायमचं वाढवा, असं आमचं म्हणणं नाही. धूर सगळ्यांच्याच छातीत जातो, आणि ज्या गाडीची चेसिस गंजली, तिला निरोप दिलाच पाहिजे. पण जी गाडी धड आहे, तिचं नोझल तपासणं, पंप कॅलिब्रेट करणं, फिल्टर बदलणं याचा खर्च नव्या गाडीच्या डाउन पेमेंटपुढे अगदी थोडा आहे. अडचण अशी की तोही खर्च एकरकमी लागतो, आणि रोज कमावून रोज खाणाऱ्याकडे नेमकी तीच रक्कम नसते. म्हणून तो दुरुस्ती पुढे ढकलतो आणि रोज थोडं थोडं डिझेलमध्ये घालतो.

इथे समाज काहीतरी करू शकतो. आपल्याकडे बैतुलमाल आहेत, बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्थाही आहेत. आजारपण आणि फीसोबत गाडीच्या दुरुस्तीलाही कर्ज-ए-हसना का मिळू नये? वाचलेल्या डिझेलमधूनच हप्ता फिटेल. गॅरेजवाल्या बांधवांनी हंगामाआधी एक दिवस तपासणी शिबिर घेतलं तर आणखी बरं.

आणि आजपासून प्रत्येक मालकाने एवढं तरी करावं: टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल्ल करा आणि भागाकार करा. महिन्यातून दोनदा. आकडा घसरला की मिस्त्रीकडे जा. इस्राफ नको, हे आपण जेवणाच्या ताटाबद्दल मुलांना शिकवतो. तो नियम डिझेलच्या टाकीलाही लागू आहे.