गुराबीला गॅलियनचा साचा चालणार नाही

१/ शिवजयंतीच्या देखाव्यांत आणि दिवाळीच्या किल्ल्यांपाशी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हल्ली मराठा आरमाराच्या नौकाही दिसतात. शिडावर भगवा असतो. खालचा बांधा मात्र पुष्कळदा युरोपीय गॅलियनचा! पोट खोल, पिछाडी मनोऱ्यासारखी उंच. हा किरकोळ दोष नव्हे, इतिहासाचा विपर्यास आहे.

२/ आणि तो घडतो कुठे? ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि लवकरच याच खाडीकाठी लढाऊ नौका बांधल्या जाऊ लागल्या. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आपल्या माणसांसह त्या कामावर होता. १६५९ मध्ये पोर्तुगिजांनी त्यांना फोडले. खाडीतून समुद्र गाठणारे नवे आरमार त्यांना नको होते.

३/ गुराब दिसे कशी? अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो: लांबीच्या मानाने बरीच रुंद, मध्यापासून टोकाकडे निमुळती, पुढे गॅलीसारखी चोच आणि पाण्यात अगदी कमी बुडणारी. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीनांची सुमारे ३०० टनांची. गलबत बहुधा ७० टनांच्या आत, ४०-५० वल्ह्यांचे.

४/ ‘कमी बुडणारी’ या दोन शब्दांत अवघी युद्धनीती आहे. उथळ बांध्याची नौका खाडीत शिरते. खोल तळाचे जहाज बाहेरच अडते. गुराबीला खोल पोट दिले की आरमार टिकले कसे, याचे उत्तरच पुसले जाते.

५/ यावर ठरलेला बचाव असा: “मूळ आराखडे कुठे आहेत? भावना महत्त्वाची.” आराखडा नसणे म्हणजे कल्पनेला मोकळे रान नव्हे. एदमों पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात आशियाई नौकांचे मोजमापांसह आराखडे प्रसिद्ध केले. त्यांत पश्चिम किनाऱ्याची फत्तेमारीही आहे. ती गुराब नव्हे, पण गॅलियनपेक्षा कितीतरी जवळची.

६/ ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका पाहा. आधार अजिंठ्याच्या एका चित्राचा, आराखडा नाहीच. तरी बांध्याची प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली गेली, नौका गोव्यात बांधली गेली आणि २०२५ मध्ये नौदलात आली. अनुमानालाही शिस्त असते.

७/ फायबरग्लासमध्ये ही शिस्त अधिकच हवी. आधी लाकडी मूळ नमुना: ठरावीक अंतरावरचे आडवे छेद कापायचे, त्यांवर पट्ट्या बसवायच्या, लुकण भरून घासायचे. आराखडा फळ्यांच्या आतल्या बाजूचा असेल, तर फळ्यांची जाडी मिळवायची. दोन्ही कुशी एकाच फर्म्याने ताडायच्या. मगच मेण, जेलकोट, काचतंतू आणि रेझिन. बांधा वरच्या काठाशी आत वळत असेल, तर साचा मधोमध दुभंगणारा हवा. नाहीतर नौका सुटावी म्हणून ते वळणच छाटले जाते.

८/ प्रतिकृती पाण्यावर चालवायची असेल, तर मोह आणखी मोठा. १:५० प्रमाणात शिडाचे क्षेत्रफळ २,५०० पटींनी घटते, वजन मात्र १,२५,००० पटींनी. वाऱ्यापुढे नौका कलंडते, म्हणून कारागीर पोट खोल करतो. प्रामाणिक उपाय वेगळा आहे: बांधा जसाच्या तसा ठेवून खाली काढता येणारा, शिशाने जड केलेला कणा लावावा. प्रदर्शनात तो काढून ठेवावा.

९/ कागदावरची चूक खोडता येते. साच्यातली चूक प्रत्येक प्रतीत पुन्हा जन्मते. म्हणून साचा ओतण्यापूर्वी एक पाटी लिहून घ्यावी: कोणती रेषा कोणत्या साधनातून आली आणि कोणती अनुमानाची. ज्या नौकेपाशी ही पाटी नाही, तिला शोभेची वस्तू म्हणावे; मराठ्यांची गुराब म्हणू नये.