बंद पडलेली कंपनी, चालू असलेली गाडी

मोटारसायकल विकत घेणे हा आपल्याकडे एका दिवसाचा सोहळा समजला जातो. गाडीला हार घालावयाचा, चाकाखाली लिंबू ठेवावयाचे, पेढे वाटावयाचे आणि घरी यावयाचे. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मात्र हा व्यवहार पंधरा वर्षांचा असतो. नोंदणीची मुदत १५ वर्षे. कर एकरकमी, तोही आरंभीच वसूल केलेला. ही गाडी निदान पंधरा वर्षे रस्त्यावर धावणार, हे सरकारने जणू गृहीतच धरलेले असते. गाडी बनविणाऱ्याने असे काहीही गृहीत धरलेले नसते. त्याची हमी काही थोड्या वर्षांची. त्यानंतर त्याने ते मॉडेल बंद केले, धंदा विकला किंवा कारखान्याला कुलूप ठोकले, तर उरलेल्या वर्षांत गाडीचे सुटे भाग कोठून आणावयाचे, हा प्रश्न सर्वस्वी गिऱ्हाइकाचा.

मोठ्या शहरात हा प्रश्न तितकासा बोचत नाही. पुणेकराला नाना पेठ आहे, दिल्लीकराला करोलबाग आहे, सिकंदराबादेत राणीगंज आहे. तेथे एका दुकानात नाही तर दुसऱ्या दुकानात, नव्या डब्यात नाही तर जुन्या ढिगाऱ्यात, काही ना काही सापडते. धर्माबादची गोष्ट वेगळी. मिरचीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेले, तेलंगणाच्या सीमेला टेकलेले हे तालुक्याचे गाव. येथून जिल्ह्याचे ठिकाण नांदेड ७०-८० किलोमीटर. निझामाबाद त्याहून जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. येताळ्याला किंवा जारीकोटला शाळेवर जाणारा गुरुजी, बाभळीकडे फिरतीवर निघालेला कारकून, पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन गावात येणारा शेतकरी यांच्यासाठी मोटारसायकल म्हणजे हौस नव्हे. एसटीची वेळ आणि शाळेच्या घंटेची वेळ जुळत नाही, म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेले ते नोकरीचे साधन आहे. ते आठ दिवस उभे राहिले तर आठ दिवसांच्या रजेचा किंवा भाड्याच्या रिक्षाचा हिशेब मांडावा लागतो.

अशा गावात कंपनी येते ती उपविक्रेत्याच्या रूपाने. जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य विक्रेता, तालुक्याला त्याचा उपविक्रेता आणि त्याच्या दुकानामागे एक मिस्त्री, अशी ही साखळी. उपविक्रेत्याकडे सुट्या भागांचा साठा बेताचाच असतो. जे लागेल ते तो नांदेडहून मागवितो, आणि नांदेडचा विक्रेता कंपनीच्या कोठारातून. कंपनी डळमळली की ही साखळी खालून तुटू लागते. दुकानावरचा फलक एके दिवशी उतरतो आणि त्याच खिळ्यांवर दुसऱ्या कंपनीचा फलक चढतो. मालक तोच, मिस्त्रीही तोच. पण आता तो म्हणतो, ‘हा माल आता येत नाही, नांदेडला विचारा.’ नांदेडचा माणूस हैदराबादकडे बोट दाखवितो. तीनशे रुपयांच्या भागासाठी दोन दिवसांची रजा आणि प्रवासखर्च घालूनही माणूस रिकाम्या हाताने परततो.

कंपन्या आजच बंद पडू लागल्या आहेत असे नव्हे. ज्यांची दुचाकी हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत पोचली, त्यांपैकी अनेकांची दुकाने केव्हाच मिटली आहेत. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना, ज्याची येझदी एके काळी कॉलेजकुमारांच्या स्वप्नात येत असे, तो १९९६ मध्ये बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत ही मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. ती कित्येक वर्षे दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची गाडी होती, आता ती निघत नाही. पुण्याच्या फिरोदियांनी १९७२ मध्ये लूना आणली, १९८४ मध्ये होंडाशी भागी करून कायनेटिक होंडा आणली. १९९८ मध्ये होंडा त्या भागीतून बाहेर पडली आणि २००८ मध्ये तो दुचाकीचा धंदा महिंद्रांकडे गेला. महिंद्रांनीही पुढे सर्वसामान्यांसाठीच्या आपल्या स्कूटर व मोटारसायकली आवरत्या घेतल्या. कानपूरच्या एलएमएल कंपनीच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला.

तरीही राजदूत आणि येझदी अजून कोठे कोठे फटफटताना दिसतात, याचे कारण कंपन्यांचे औदार्य नव्हे. त्या गाड्यांची रचनाच अशी होती की गावचा मिस्त्री त्यांचा सर्वाधिकारी होऊ शके. बेअरिंग आणि ऑइल सील ठरावीक मापांचे असतात. त्यांवरचा क्रमांक सांगितला की ते कोणत्याही दुकानात मिळतात, मग ते राजदूतमध्ये बसवा की पाण्याच्या पंपात. गॅस्केट कापून करता येते. ब्रेक शूला नवे लायनर लावता येते. केबल सुतासारखी ओवता येते. सिलिंडर झिजला तर लेथवाला तो बोअर करून देतो आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. कार्ब्युरेटर तर मिस्त्री डोळे मिटून खोलतो. जे भाग त्याला करता येत नसत, गिअरचे दाते किंवा क्रँक, ते बाहेरचे छोटे कारखानदार बनवीत, कारण खप होता आणि नमुना हातात धरून मोजता येत होता.

आजच्या गाडीचे तसे नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ चे प्रदूषण-नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. इंजिनात किती पेट्रोल सोडावयाचे हे आता सीटखाली बसविलेला एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवितो. हवा स्वच्छ राहते ही त्याची चांगली बाजू आम्हाला मान्य आहे. परंतु तो डबा बिघडला तर त्याचे माप पट्टीने घेता येत नाही आणि त्यातली आज्ञावली लेथवर कातता येत नाही. बिघाड काय आहे हे सांगणारे यंत्रसुद्धा कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते. महिंद्रांची सेंटुरो ही मोटारसायकल २०१३ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची दिव्याची, दुमडती किल्ली आणि चोराला अटकाव करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांचे मोठे कौतुक झाले होते. ती गाडी आता विक्रीत नाही. अशा गाडीची किल्ली हरवली तर गावच्या किल्लीवाल्याने तिचे काय करावे? विजेवर चालणाऱ्या दुचाकींत तर बॅटरी, मोटर आणि नियंत्रक हेच सर्वस्व आणि तेही प्रत्येक कंपनीचे निराळे. त्या धंद्यात पहिल्या काहींत असलेल्या हीरो इलेक्ट्रिकवर २०२४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जुन्या कंपनीच्या मरणानंतर तिची गाडी वीस-पंचवीस वर्षे जगली. नव्या कंपनीबरोबर तिची गाडी सती जाणार, अशी ही चिन्हे आहेत.

या साऱ्या प्रकारात कंपन्या एक गोष्ट मात्र जिवापाड जपतात. ती म्हणजे नाव. २०१८ मध्ये जावा परत आली, २०२२ च्या जानेवारीत येझदी परत आली. चेतक २०२० मध्ये आणि लूना २०२४ मध्ये विजेवर स्वार होऊन परतल्या. नव्या जावाचे इंजिन चार स्ट्रोकचे व पाण्याने थंड होणारे. जुनीचे दोन स्ट्रोकचे व हवेने थंड होणारे. नव्या गाडीचा भाग जुनीला उपयोगी पडणे शक्यच नाही. तरी जाहिरातीत वारसा, परंपरा, वडिलांची आठवण हे सारे ओसंडून वाहत असते. आता ही आठवण कोणी राखली? कंपनीने नव्हे. ज्यांनी कारखाना बंद झाल्यावरही घासूनपुसून, भंगारात हिंडून त्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्या मालकांनी आणि मिस्त्र्यांनी राखली. त्या नावाला आज जे मोल आहे त्यात त्यांचा वाटा आहे. मोबदला मात्र बोधचिन्हाच्या धन्याला मिळतो. नावाचा हक्क वारशाने मिळतो आणि नावाची जबाबदारी तेवढी मिळत नाही, हे गणित कोणत्या न्यायात बसते?

कंपनी गेली तरी सेवा राहू शकते, हे मोटारीवाल्यांच्या बाबतीत दिसले आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये शेवरोलेची भारतातील विक्री थांबविली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. दोघांनीही जुन्या गिऱ्हाइकांना सेवा व सुटे भाग मिळत राहतील असे त्याच वेळी सांगितले. हार्ले-डेव्हिडसनने २०२० च्या सप्टेंबरात येथील कारभार गुंडाळण्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार होऊन विक्रीसह सेवेची आणि भागांची व्यवस्था लागली. लाखांच्या गाडीचा मालक वकील पाठवू शकतो, वर्तमानपत्रांत ओरड करू शकतो. दुधाच्या किटल्या बांधलेल्या गाडीच्या मालकाची ओरड तालुक्याच्या वेशीबाहेर जात नाही. त्याला मिळते ते फलक उतरविताना वाजलेल्या हातोडीचे आवाज.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या कंपनीला परत मागविण्यास भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. परंतु सुटे भाग किती वर्षे पुरवावयाचे, याची ठरीव मुदत त्यात नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. दंडाचा वाद पुढे वरच्या दरबारात गेला. आणि दुचाकीवाले त्या प्रकरणात नव्हतेच. ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ उघडले, त्यात वाहनांचाही समावेश केला. चांगले केले. पण ज्या कंपनीला तेथे माहिती द्यावयाची असेल ती देते. बंद पडलेल्या कंपनीच्या वतीने कोण देणार? युरोपात धुलाई यंत्राच्या काही महत्त्वाच्या भागांसाठी २०२१ पासून दहा वर्षांची सक्ती आहे. कपडे धुण्याच्या यंत्राला जे मिळते ते नोकरीवर नेणाऱ्या यंत्राला मिळू नये?

आमची मागणी साधी आहे. नोंदणी जितक्या वर्षांची, तितकी वर्षे भाग पुरविण्याची जबाबदारी, असा नियम व्हावा. धंदा विकला तर ती जबाबदारी बोधचिन्हासह घेणाऱ्याकडे जावी. आणि कंपनी खरोखरच बुडाली तर? बुडालेल्याकडून भाग मागणे व्यर्थ, हे आम्हालाही कळते. म्हणूनच तिची रेखाचित्रे आणि आज्ञावली आधीच कोठे तरी ठेव म्हणून राहिली पाहिजेत. त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी त्याला मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला घ्यावा लागतो, आणि अशी एक संस्था, १९६६ पासूनची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यातच आहे. दाखल्याच्या वेळीच ही ठेव घ्यावी. कंपनी बुडाल्यास ती लघुउद्योगांना खुली करावी. नांदेडच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखानदार पाचशे गाड्यांचे भाग आनंदाने बनवील. विसर्जकाने साचे भंगाराच्या भावाने काढण्यापेक्षा ते बरे.

याने गाडीची किंमत थोडी वाढेल, असे कंपन्या म्हणतील. वाढू द्या, आज तीच किंमत माणूस रजा आणि प्रवासभाड्याच्या रूपाने मोजतो. जुन्या गाड्या मोडीतच निघाव्यात, असाही एक सूर आहे. पंचवीस वर्षांच्या धूर ओकणाऱ्या दोन स्ट्रोकच्या गाडीबद्दल तो सूर आम्हाला अगदीच अमान्य नाही. त्यासाठी तर २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपलीकडच्या मोटारसायकलीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क तीनशेवरून हजार रुपये झालेच. येथे प्रश्न आहे तो पाच-सहा वर्षांच्या, कर्जाचा शेवटचा हप्ता नुकताच फिटलेल्या गाडीचा.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर विकत घेताना विक्रेत्याकडून भाग व सेवा किती वर्षे मिळेल हे लेखी मागावे. तो देणार नाही, पण मागणाऱ्यांची संख्या वाढली तर कंपनीच्या कानावर जाईल. सेवा नाकारली गेली तर नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे, कंपनी म्हैसूरची असो की कानपूरची. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. बिल, सर्व्हिस पुस्तिका आणि ‘माल येत नाही’ असे विक्रेत्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी, एवढे कागद जवळ असावेत. चिठ्ठी द्यायला तो कां-कूं करील. ती घेतल्याशिवाय दुकानातून उठू नये.