मुलामा आणि मूळ दात

नटनटींचे दात पडद्यावर शुभ्र दिसावेत, म्हणून १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी दातांच्या दर्शनी बाजूस पातळ कवचे चिकटविली. ती चित्रीकरणापुरतीच टिकत. दंतवल्क फॉस्फरिक अम्लाने खरबरीत केल्यास त्यावर ॲक्रिलिक घट्ट बसते, असे १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविले. पुढे १९८० च्या दशकात चिनी मातीची कवचे, म्हणजेच व्हेनीअर, वर्षानुवर्षे टिकू लागली.

मात्र ती बसविण्यासाठी बहुधा सुमारे अर्धा मिलिमीटर दंतवल्क घासून काढावे लागते. दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा; पण तो घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. गेलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. दात फुटला असेल किंवा डाग अन्य उपायांनी जात नसेल, तर गोष्ट निराळी. केवळ शोभेसाठी निरोगी दात घासून घेणे आम्हांस अनुचित वाटते.

चिनी माती किडत नाही. तिच्यामागचा दात किडतो. कवचाच्या कडेशी, हिरडीलगत, जंतूंचा थर साचतो. हे जंतू साखरेपासून अम्ल बनवितात व ते अम्ल दातातील खनिज विरघळविते. म्हणून कवच बसविलेल्यानेही फ्ल्युओराइडयुक्त पेस्ट व मऊ ब्रश यांनी दिवसातून दोनदा दात घासावेत, फटी दोऱ्याने स्वच्छ कराव्यात, दातांनी सुपारी फोडू नये आणि दंतवैद्याकडून वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. कवच नसलेल्या दातांनाही हीच निगा हवी. विद्यार्थ्यांनी ती आजच अंगी बाणवावी.