जनुकांची कात्री आणि बोटावरचा रक्ताचा थेंब

सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या डॉक्टरच्या कानावर एक तक्रार रोज पडते, 'साहेब, पोराचं अंग दुखतं.' तापाने अंग दुखते, दिवसभर केळीचे घड वाहून दुखते, अंगात रक्त कमी असले तरी दुखते. त्यामुळे या तक्रारीकडे दुर्लक्षही लवकर होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसऱ्या एका तालुक्यात होतो. नऊ-दहा वर्षांची एक पावरा मुलगी तीनदा माझ्याकडे आली. हातपाय दुखत होते, डोळे पिवळसर होते, रक्त कमी होते. तिन्ही वेळा मी लोहाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले. चौथ्यांदा ती छातीत कळ आणि धाप घेऊन आली, तेव्हा वरिष्ठांनी सिकलसेलची चाचणी करायला लावली. मुलगी वाचली, पण तोवर तिच्या एका खुब्याचे हाड खराब झाले होते. ती लंगडतच घरी गेली. चूक माझी होती.

सिकलसेलवर जनुक बदलून उपचार झाल्याच्या बातम्या वाचताना मला ती मुलगी आठवते. या बातम्या खऱ्या आहेत आणि आनंदाच्या आहेत. पण रावेर, यावल, चोपड्यापासून धडगाव, अक्कलकुव्यापर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर यंदा जन्मणाऱ्या बाळाला त्यांचा काय उपयोग, हेही विचारले पाहिजे.

आधी आजार समजून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी हिमोग्लोबिनच्या साहाय्याने प्राणवायू वाहतात. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. जनुकातले एकच अक्षर बदलले की तिथे व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडताच गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. असह्य वेदनेचा झटका येतो तो यामुळे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी दोन-तीन आठवडेही टिकत नाही. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही बाळाच्या जिवावर बेततो.

वैद्यकशास्त्राने या आजाराची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोत केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. ज्यांच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते त्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगल आणि मलेरियाच्या पट्ट्यांत हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकले ते याच कारणाने. यात कुणा जमातीचा दोष नाही.

या आजारातली एक गोष्ट मात्र फार मोलाची ठरली. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाला त्रास होत नाही. १९४८ मध्ये ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी याचे कारण सुचवले. बाळाच्या रक्तात आईच्या पोटात असतानाचे, म्हणजे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन शिल्लक असते आणि ते पेशी वाकडी होऊ देत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास ते कमी होते आणि आजार डोके वर काढतो. म्हणजे हे हिमोग्लोबिन पुढेही वाढते ठेवता आले, तर आजार आटोक्यात राहील.

जनुकांच्या कात्रीने नेमके हेच केले. क्रिस्पर या तंत्राचा शोध २०१२ चा. त्यासाठी एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारे एक बटण आपल्या पेशींत असते. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून हे बटण निकामी करतात आणि पेशी पुन्हा शरीरात सोडतात. पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही तीव्र झटका आला नाही. ज्याने हे रुग्ण पाहिले आहेत त्याला या आकड्याचे मोल कळेल.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे २०२३ च्या विनिमय दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात आहे. नव्या पेशींना जागा करण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका असतो आणि कित्येक आठवडे मोठ्या रुग्णालयात राहावे लागते. भारतही मागे नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःचा क्रिस्पर उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा परदेशातल्या किमतीच्या सुमारे एक दशांश खर्चात तो इथे देता आला. सिकलसेलच्या बाबतीतही तसे होऊ शकते. मात्र माणसांवरच्या चाचण्या, मान्यता आणि उपचार करू शकणारी केंद्रे हा सगळा टप्पा अजून पार करायचा आहे. पालच्या घाटावरच्या बाळाला तेवढा वेळ नाही. त्याचे सहा महिने आजच मोजायला लागतात.

पण हेच काम करणारी एक गोळी आपल्या हातात कधीची आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषधही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. अठरा कोटींच्या कात्रीचे आणि या गोळीचे लक्ष्य एकच. गोळी आजार बरा करत नाही, रोज घ्यावी लागते आणि रक्ततपासणी करत राहावे लागते. परंतु १९९५ च्या अमेरिकी अभ्यासात वेदनेचे झटके तिच्यामुळे जवळपास निम्म्यावर आले. २०११ मध्ये तान्ह्या मुलांतही तिचा उपयोग दिसला. २०१२ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी तीव्र आजार असलेल्या भारतीय मुलांना कमी आणि ठरावीक मात्रेत ती देऊन फायदा दाखवला. कमी मात्रा म्हणजे कमी दुष्परिणाम आणि कमी तपासण्या, ग्रामीण भागाला हेच हवे होते. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतील मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे झटके, रक्त चढवण्याची वेळ आणि मृत्यू तर घटलेच, मलेरियाचे प्रमाणही घटले. लहान मुलांसाठी या औषधाचे खोलीच्या तापमानाला टिकणारे पातळ रूप २०२४ पासून आपल्या देशातच तयार होते. गोळीचे तुकडे करून अंदाजाने मात्रा देण्याची गरज आता उरलेली नाही.

याहून जुनी गोष्ट पेनिसिलीनची. बाळाला रोज पेनिसिलीन दिल्यास न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ मध्येच सिद्ध झाले. न्यूमोकोकसची लस तर २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. अट एकच, बाळाला सिकलसेल आहे हे पहिल्या काही महिन्यांत कळले पाहिजे.

इथे अभियंत्यांनी केलेले काम मला क्रिस्परइतकेच महत्त्वाचे वाटते. पूर्वी निदानासाठी नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागे. अहवाल येईपर्यंत कुटुंब कामासाठी दुसरीकडे गेलेले असे. आता गर्भधारणेच्या चाचणीसारख्या पट्टीवर बोटातला किंवा टाचेतला एक थेंब टाकला की निरोगी, वाहक आणि रुग्ण हा फरक काही मिनिटांत कळतो. 'गझेल' नावाचे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र कागदाच्या पट्टीवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करते. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने ते आपल्याकडच्या रुग्णांवर तपासूनही पाहिले. ना मोठी प्रयोगशाळा लागते, ना अखंड वीज.

नवे ते सगळे चांगले, असेही नाही. व्होक्सेलोटोर या औषधाला अमेरिकेने २०१९ मध्ये मान्यता दिली, कारण त्याने हिमोग्लोबिनचा आकडा वाढत होता. पण रुग्णाला आकडा वाढलेला नको असतो, झटका टळलेला हवा असतो. पुढच्या अभ्यासांत झटके आणि मृत्यू यांविषयी चिंता निर्माण झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. म्हणून संशोधनाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. किती रुग्णांवर? मोजले काय, रक्तातला आकडा की रुग्णाचे जगणे? आणि आपल्या गावात हे शक्य आहे का?

काहीजण म्हणतात, आपल्या आदिवासींमध्ये हा आजार सौम्य असतो. हे अर्धसत्य आहे. जन्मतःच निदान झालेल्या बाळांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत दक्षिण गुजरातच्या आदिवासी बाळांमध्ये आजार तुलनेने सौम्य दिसला, नागपूरकडच्या बाळांमध्ये तीव्र. पण सरासरी सौम्य असली तरी एखाद्या बाळाचा आजार सौम्य असेलच असे नाही. माझी ती मुलगीही याच पट्ट्यातली होती.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम चांगली आहे. पण तपासणीचा आकडा म्हणजे उपचार नव्हे. कार्ड हातात आले आणि गोळी आली नाही, तर आपण फक्त आजाराचे नाव सांगितले.

माझ्या मते तीन गोष्टी लगेच व्हायला हव्यात. पहिली, आदिवासी गावांतल्या प्रत्येक बाळाची चाचणी जन्मतःच किंवा पहिल्या लसीच्या वेळी व्हावी. आशाताई आणि परिचारिका बाळापर्यंत पोहोचतातच, तिथेच थेंब घ्यावा. दुसरी, हायड्रॉक्सीयुरिया आणि पेनिसिलीन प्राथमिक आरोग्य केंद्रात कधीही संपू नये. महिनाभराच्या औषधासाठी मजुरी बुडवून, भाडे खर्चून जिल्ह्याला जावे लागले की तिसऱ्या महिन्यात औषध सुटते, हा माझा अनुभव आहे. तिसरी, रुग्णाची नोंद त्याच्यासोबत फिरावी. आमच्याकडची कुटुंबे कामासाठी बऱ्हाणपूरला जातात, गुजरातेत जातात. राज्याची हद्द ओलांडली म्हणून उपचार तुटू नयेत.

वाचकांनाही एक विनंती. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी करून सल्ला घ्यावा. पण वाहक आहे म्हणून मुलीला नाकारणे हे अज्ञान आहे. तिला ते जनुक जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून मिळाले, त्याच नात्यात ते मुलग्यांकडेही असू शकते. आणि २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे. पात्र रुग्णांनी त्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला संकोचू नये.

जनुकांच्या कात्रीवरचे संशोधन चालू राहायला हवे, त्यावर पैसाही खर्च व्हायला हवा. उद्या 'बिरसा १०१' यशस्वी झाले तर त्याचा पहिला हक्क या डोंगरातल्या मुलांचा असेल. पण तो उपचार घ्यायला ती मुले तोपर्यंत जगायला हवीत, त्यांचे खुबे आणि मेंदू शाबूत असायला हवेत. त्यासाठी लागणारे संशोधन १९८६, १९९५ आणि २०१२ मध्येच झालेले आहे. 'पोराचं अंग दुखतं' असे म्हणत पुढची आई येईल, तेव्हा समोरच्या डॉक्टरने लोहाच्या गोळ्या लिहिण्याआधी त्या पोराच्या बोटावरचा एक थेंब घ्यावा. मला ते चौथ्या वेळी सुचवले गेले. त्याला पहिल्याच वेळी सुचावे.